डोळ्यांतलं पाणी आणि आठ अक्षरं

सत्तावीस फेब्रुवारी. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे आपला मराठी भाषा गौरव दिन. आमच्या धानोऱ्यातही त्या दिवशी एक छोटासा कार्यक्रम झाला. मंडप, सतरंज्या, मधेच बंद पडणारा माईक आणि काव्यवाचन स्पर्धा. मी बावीस वर्षं हायस्कूलच्या पोरांना मराठी शिकवलंय, त्यामुळे गावात कविता म्हटलं की परीक्षकाच्या खुर्चीत माझी नेमणूक ठरलेली. नारळ, शाल आणि नंतर वर्षभराचे रुसवेफुगवे, असं त्याचं मानधन!

या वेळचा रुसवा मात्र माझ्या जिव्हारी लागला.

स्पर्धेत आमच्या शेजारच्या वहिनींनी कविता वाचली. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. घरात सासू, दोन मुलं आणि शिलाई मशीन. वहिनी कधी स्टेजवर उभ्या राहतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या आल्या, पदर सावरला, वहीचं पान उघडलं आणि चौथ्या ओळीला त्यांचा आवाज फुटला. त्या रडल्या, समोरच्या बायका रडल्या, सूत्रसंचालन करणारी मुलगीसुद्धा रडली. टाळ्या थांबेचनात.

त्यानंतर कॉलेजातल्या एका मुलानं बारा ओळींची कविता वाचली. जंगलातल्या सागाच्या झाडांवर रंगानं नंबर टाकतात ना, त्या नंबरावर. हजेरीपटातला स्वतःचा नंबर आणि झाडाच्या बुंध्यावरचा नंबर, दोन्ही त्यानं शेजारी शेजारी ठेवले आणि दोघांपैकी कुणाला आधी नेतात ते बघू, असं म्हणून खाली बसला. टाळ्या पडल्या चार-पाच.

मी पहिला नंबर त्या मुलाला दिला. बाकी दोघा परीक्षकांनीही मान डोलावली. वहिनींना उत्तेजनार्थ.

कार्यक्रम संपल्यावर चपला शोधत होते तर मागून आवाज आला, "मॅडम, तुमच्या काळजाच्या जागी गोटा हाय का वो?" बोलणारी बाई वहिनींची चुलत जाऊ. मग दुसरी म्हणाली, "कविता काय डोक्यातून निघते? ते पोटातून निघते. जिच्यावर बितलं तिलेच माहीत." मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि घरी आले. दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी माझ्याशी बोलणं बंद केलं. भिंतीला भिंत लागून घर, सकाळी नळावर रोज समोरासमोर, आणि बोलणं बंद! मैत्रिणींनो, छोट्या गावात राहणाऱ्यांना सांगायला नको, हे किती अवघड असतं.

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जाईना. चांगली कविता येते कुठून? काळजातून की डोक्यातून?

आधी माझंच सांगते. माझी आई गेली तेव्हा मी आठवडाभरात चौदा पानं कविता लिहिल्या होत्या. रात्री सगळे झोपले की लिहायची आणि रडायची. त्या वेळी वाटलं होतं, याहून खरं मी आयुष्यात काही लिहिलं नाही. वही ट्रंकेत ठेवली. दहा वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत ती हाती लागली आणि फडकं बाजूला टाकून मी वाचायला बसले. खरं सांगू? शरमल्यासारखं झालं. मायेचा सागर, ममतेची सावली, देव्हाऱ्यातली समई... चौदा पानांत माझी आई कुठे नव्हतीच! ती कुणाचीही आई असू शकली असती. माझी आई ओव्याच्या डब्यात पैसे लपवायची, आणि आम्हाला दिलेल्या प्रत्येक नोटेला ओव्याचा वास असायचा. हे फक्त एका ठिकाणी, तेही कंसात लिहिलं होतं. सगळ्या वहीत तेवढीच एक ओळ जिवंत.

दुःख खोटं होतं का? मुळीच नाही. पण दुःखाला घाई होती, आणि घाईत माणूस समोर पडलेले तयार शब्द उचलतो. पाहुणे आल्यावर आपण दुकानातून आयती शेव आणतो, तसं.

दुःखातून कविता, याचं आपल्याकडचं सगळ्यात जुनं उदाहरण वाल्मीकींचं. क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतला नर पारध्यानं मारला, मादी आक्रोश करू लागली, ते पाहून ऋषींच्या तोंडून शाप निघाला आणि शोकाचाच श्लोक झाला. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीय. पण रामायणाच्या बालकांडात त्यापुढे जे येतं ते फारसं कुणी सांगत नाही. शाप तोंडून गेला आणि वाल्मीकी स्वतःच चमकले, हे मी काय बोललो? मग शेजारी उभ्या असलेल्या भरद्वाज शिष्याला ते सांगतात की, हे चार चरणांचं झालंय, प्रत्येकात सारखी अक्षरं आहेत, वीणेवर गाता येईल असं आहे. म्हणजे बघा, डोळ्यांतलं पाणी वाळलं नाही तोवर आदिकवीनं अक्षरं मोजली! आठ-आठ अक्षरांचे चार चरण. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला हसू आलं आणि मग थोडा धीरही आला. मी काही एकटीच दगडाच्या काळजाची नव्हते.

आता आठ हा आकडा लक्षात ठेवा, कारण मला लगेच बहिणाबाईंकडे जायचंय.

बहिणाबाई चौधरी म्हटलं की आपण काय म्हणतो? अडाणी बाई, पण काय काळीज! १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्म. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला चौधरींच्या घरी आल्या. अक्षरओळख नाही. ऐन तिशीत वैधव्य आलं, लहान मुलं, शेती, भाऊबंदकी. जात्यावर बसल्या की गाणं, शेतात वाकल्या की गाणं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक भाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातलं जमेल तेवढं कागदावर उतरवलं. बाकीचं वाऱ्यावर गेलं ते गेलंच. ३ डिसेंबर १९५१ ला बाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी आईच्या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली. हे सोनं महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं बरं नाही, असं म्हणून अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि १९५२ मध्ये गाण्यांचं पुस्तक निघालं. स्वतः कवी म्हणून नाव असलेल्या सोपानदेवांना आईचं हे बाड लोकांपुढे ठेवायचा तोवर संकोच वाटत होता, हेही जाता जाता सांगायला हवं. घरच्या बाईचं कौतुक बाहेरच्यानं आधी करावं लागतं, हे तेव्हाही तसंच!

तर मी काय केलं, एका दुपारी ते पुस्तक घेऊन बसले आणि वाल्मीकींसारखीच बोटांवर अक्षरं मोजायला लागले. संसाराच्या गाण्यात ओळीला आठ. मनाच्या गाण्यात आठ. सुगरणीच्या खोप्याच्या गाण्यातही आठ. जिला आठ हा आकडा पाटीवर काढता येत नव्हता त्या बाईचं एक अक्षर इकडचं तिकडे होत नव्हतं. हे काय आपोआप झालं? जात्याचा एक फेरा आणि ओळ संपायला एक गाठ पडली पाहिजे, हा हिशेब तिच्या हातात मुरलेला होता. आपल्याला मीठ मोजावं लागत नाही, तसं. मोजावं लागत नाही म्हणजे मोजमाप नाही असं थोडंच असतं?

आणि नुसती अक्षरंच नाहीत. बहिणाबाईंची गाणी मी पुन्हा नीट वाचली तर त्यात रडणं फार थोडं आहे. बघणं आहे, आणि बघितल्यावर विचार करणं आहे. मन कसं असतं हे सांगताना ती उसासे टाकत नाही, पिकात शिरलेल्या ढोरापासून सुरू करून एकेक करत दहा वस्तू समोर ठेवते. कशाला काय म्हणू नये याची तिची एक यादीच आहे. ती वाचताना वाटतं, ही बाई वकील झाली असती तर समोरच्याची काही खैर नव्हती. जळगावात छापखाना बघून आली तर त्यावरही गाणं केलं, आणि कोरा कागद छापून शहाणा होतो पण माणूस मात्र वेडाच राहतो, असा टोला हाणला. हे काय फक्त काळीज आहे? ही तर कुशाग्र बुद्धी!

माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिच्या वैधव्याच्या गाण्यात मिळालं. नवरा गेलाय. आपल्यापैकी कुणीही लिहिलं असतं, कपाळ पांढरं झालं, नशीब फुटलं. बहिणाबाई म्हणते की कपाळावरची नशिबाची रेघ आजवर कुंकवाखाली झाकलेली होती, कुंकू पुसलं म्हणून ती उघडी पडली. क्षणभर थांबून विचार करा, हे कसं सुचलं असेल. आरशात नव्हे, स्वतःच्या दुःखाच्या आत बघितल्याशिवाय हे दिसत नाही. रडता रडता ती बाई बघत होती. मला तर ही जागा वाचताना अंगावर काटा येतो. आणि काटा येतो तो रडण्यामुळे नाही, त्या बघण्यामुळे.

हे सगळं मी रात्री जेवताना माझ्या सासूबाईंना सांगत होते. त्यांचं वय ऐंशीच्या घरात, शाळा दुसरीपर्यंत. पण तरुणपणी धानाच्या रोवणीला गाणी सांगणाऱ्या बायांमध्ये त्यांचं नाव होतं. आमच्या भागात आषाढ-श्रावणात बांधीत चिखल झाला की बायका ओळीनं वाकतात आणि मागे मागे सरकत पऱ्हे रोवतात. एक बाई गाणं देते, बाकीच्या उचलतात. मी विचारलं, "तुम्हाला गाणं सुचायचं कसं?" त्या म्हणाल्या, "सुचते काय त्यात! हातातली जुडी सरेपर्यंत पुढची ओळ तयार पायजे. नाही तं बाया थांबतेत. बाया थांबल्या का मालक चिल्लावते." मग हसल्या. एकदा बांधीचा मालक चहात साखर घालायला हात आखडायचा, तर त्याच्यावर तिथल्या तिथे गाणं रचलं होतं म्हणे, आणि दुसऱ्या दिवसापासून चहा गोड! "राग आला होता ना?" मी विचारलं. "राग तं सगळ्यांलेच आला होता. पर रागानं गाणं होत नाही, शिव्या होतेत. गाणं कराचं म्हणजे डोस्कं थंड लागते."

मी आपली पुस्तकं चाळत बसले होते, आणि उत्तर घरात भाताबरोबर वाढलेलं.

वर्ड्‌स्वर्थ नावाच्या इंग्रज कवीनं १८०० साली एका प्रस्तावनेत जवळपास हेच लिहिलं होतं. कविता म्हणजे भावनेचा उत्स्फूर्त उमाळा, हे त्याचं म्हणणं सगळे सांगतात. पण त्याच वाक्यात पुढे तो म्हणतो की ती भावना नंतर निवांतपणी आठवलेली असते. लोक पहिलं अर्धंच उचलतात, कारण ते सोपं आहे. आपल्या जुन्या संस्कृत पंडितांपैकी मम्मटानं तर कवितेला तीन गोष्टी एकत्र लागतात असंच सांगून ठेवलंय, उपजत शक्ती, जग आणि शास्त्रं बघून आलेली जाण, आणि जाणत्यांकडून घेतलेला अभ्यास. तिघी मिळून एकच कारण, वेगवेगळी तीन नाहीत.

अभ्यास म्हटलं की मला आमचं मेंढा आठवतं. धानोऱ्यापासून हाकेच्या अंतरावरचं मेंढा-लेखा, सामूहिक वनहक्क मिळवणारं म्हणून देशभर नाव झालेलं. त्या गावात अभ्यासगट असतो. लोक बसतात, एखाद्या विषयाचा कीस पाडतात, सर्वांची सहमती होईपर्यंत निर्णय नाही. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्याच गावातली. आता ही काही कविता म्हणून कुणी केलेली नाही. पण म्हणून बघा, कशी तोंडात बसते! एक 'च' काढा आणि सगळी हवा गेली. जंगलावरची माया त्यात आहेच, पण तो 'च' विचार करून आलेला आहे.

अर्थात दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. नुसत्या डोक्याच्या कविता मी ढिगानं वाचल्यात. यमक चोख, मात्रा चोख, आणि आत फोलपटं. आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांनी मराठी गझल घराघरांत पोचवली, नव्या लिहिणाऱ्यांसाठी 'गझलेची बाराखडी' ही पुस्तिका काढली. वृत्त कसं सांभाळायचं, काफिया म्हणजे काय, रदीफ म्हणजे काय, सगळं सोपं करून दिलं. ती बाराखडी पाठ करून आता मोबाइलवर रोज सकाळी गुड मॉर्निंगसोबत गझला येतात. नियम सगळे पाळलेले असतात. पण भटांच्या ओळीत जो माणूस पोळलेला जाणवतो तो यांच्यात कुठून आणायचा? बाराखडी त्यांनी दिली, पोळणं कुणी कुणाला देत नाही.

तर मग वहिनींचं काय? त्यांच्याकडे तर पोळणं होतंच. मी चुकले होते का?

इथे मला इंदिरा संत आठवल्या. त्यांचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले. पदरात तीन लहान मुलं, बेळगावात शिक्षिकेची नोकरी. 'शेला' हा त्यांचा संग्रह आला १९५१ मध्ये. मधली पाच वर्षं कशी गेली असतील ते आपल्यातल्या कित्येकींना वेगळं सांगायला नको. पण त्यांची कविता वाचा, कुठे हंबरडा नाही. एखादी खिडकी, एखादी संध्याकाळ, हातातलं काम तसंच राहिलेलं, आणि मोजके शब्द. दुःख संपलेलं नसतं, पण बाईनं ते हातात धरून उलटंसुलटं करून पाहिलेलं असतं. वहिनींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी परीक्षक म्हणून नंबर दिला, आणि मास्तरीण असून शिकवलं काहीच नाही. तेवढी चूक माझी, हे मला पटलं.

एका रविवारी मी भीत भीत त्यांच्या दारात गेले. वाटीत आंब्याचं लोणचं घेऊन, नाहीतर आत कसं जायचं! वहिनी मशीनवर होत्या. बस म्हणाल्या नाहीत, पण मशीन थांबवलं. मी म्हटलं, "वहिनी, ती वही दाखवाल?" बराच वेळ गेला. मग त्यांनी कपड्यांच्या थप्पीखालून वही काढली.

अठ्ठावीस ओळी होत्या. स्टेजवर ऐकताना हुंदक्यांत मला अर्ध्या कळल्याच नव्हत्या. पहिल्या दहा ओळी माझ्याच त्या चौदा पानांसारख्या, नियतीचा घाला, अश्रूंचा पूर, काळजाचे तुकडे. पण मधेच एक ओळ होती आणि मी तिथेच थांबले. भाताला तांदूळ घेताना हात अजून तिसरी वाटी भरतो आणि मग ती परत डब्यात ओतावी लागते, असं काहीसं. मी म्हटलं, "हे खरंच होतं?" त्या म्हणाल्या, "रोज." बस, एवढंच. आणि त्यांचे डोळे कोरडे होते, माझे नव्हते.

मग आम्ही दोघी खाली चटईवर बसलो. मी पेन्सिल घेतली आणि म्हटलं, ही वाटीची ओळ वर आणा, नियती खोडा. "नियती खोडली तर कविता वाटणार नाही ना मॅडम?" मी म्हटलं, "वहिनी, नियती कुणाच्याही घरी येते. तिसरी वाटी तुमच्याच घरातली आहे." त्यांनी विचार केला आणि स्वतःच्या हातानं खोडलं. पूर खोडला. तुकडे खोडले. काळजाच्या तुकड्यांपाशी जरा जीव अडकला त्यांचा, पण तेही गेले. अठ्ठावीसच्या अकरा उरल्या.

शेवटच्या ओळीवर आमचं भांडण झालं. ती ओळ होती, "अहो, नळाला पाणी आलं." मी म्हटलं, ही काढा, वरची उंची एकदम खाली येते, हे काही कवितेतलं वाक्य वाटत नाही. वहिनी नाही म्हणाल्या. मी पुन्हा समजावलं, लय सांगितली, बहिणाबाई सांगितल्या, अक्षरं मोजून दाखवली. वहिनींनी वही स्वतःकडे ओढून घेतली.

"मॅडम, सकाळी साडेपाचला पाणी येते. अर्धा तासच राहते. बारा वर्षं मी रोज त्यायले असंच उठवलं. दिवसातलं माझं पयलं बोलणं तेच होतं. आताही पाणी आलं का तोंडात येते, मी गिळून टाकतो. ते एका ठिकाणी तरी मले बोलू द्या."

मी पेन्सिल खाली ठेवली. ती ओळ तिथेच राहिली, सगळ्यात शेवटी, एकटी.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला नळ आला तेव्हा मी नेहमीसारखी बादली घेऊन बाहेर गेले. भिंतीपलीकडून वहिनींनी विचारलं, "मॅडम, लोणच्यात मोहरी घरची हाय का इकतची?"